रूपकाचे चार कोपरे

अक्का, काल दुपारी तुमची मनीषा तुमचा शेवटचा क्रोशाचा चौकोन उसवायला निघाली होती. तिच्यावर रागावू नका. तिला वाटलं, आईच्या हातून चूक झाली. मी मात्र अशी ओरडले की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार. गुरुवार होता. शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला निघालेली माणसं फाटकाशी थबकून आत बघायला लागली. तेरावं परवाच झालेलं घर आणि त्यातून असा आवाज, म्हणजे यांची वाटणीवरून जुंपली, असंच त्यांना वाटलं असेल. वाटू दे. आपण दोघी जावा आयुष्यभर भांडलो ते रंगावरून आणि मात्रांवरून, हे कुणाला सांगून पटणार आहे?

तुम्ही असतात तर आधी हसला असतात. मग म्हणाला असतात, "सुदे, एवडा गळा गान्यात लाव की."

लग्न होऊन मी लोणावळ्याहून सोमाटण्याला आले तेव्हा माझ्या सामानात बाजाची पेटी होती. टेम्पोतून ती उतरली तशा भावकीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटी सून गाणारी निघाली, आता या घराचं काही खरं नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी पेटी कुठे ठेवू म्हणून विचारायलाही घाबरत होते. तुम्ही पुढे झालात, कोपऱ्यातली तांदळाची पोती सरकवलीत, पदरानं फरशी पुसलीत आणि म्हणालात, "हितं ठिव. हितं ओल येत न्हाई." लोणावळ्याच्या हवेत माझ्या पेटीचे सूर दर पावसाळ्यात बसायचे. तुमच्या त्या कोपऱ्यात एकदाही बसले नाहीत.

आणि पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी मी परातीपाशी घुटमळत होते, तेव्हाचं तुमचं वाक्य. "जा, वाजव जा. भाकरी मी बगते." अक्का, हे वाक्य तुम्ही नंतर किती वर्षं म्हणत राहिलात! माझ्या बाईंचे, ज्यांनी मला गाणं शिकवलं त्यांचे, मी चारचौघांत आभार मानले, शाल दिली, पाया पडले. पण त्यांनी शिकवलेलं टिकलं ते तुमच्या भाकऱ्यांमुळे. हे तुम्हाला तोंडावर म्हणायची कधी वेळच आली नाही. आपल्याकडे जावेला कोण असं म्हणतं? आज म्हणते आहे आणि ऐकायला तुम्ही नाही, याचा मला इतका राग येतो आहे की काही विचारू नका.

तुम्हाला स्वतःला गाता येत नव्हतं. आरतीत तुम्ही तोंड उघडलंत की मनीषा लहानपणी कानावर हात ठेवायची. पण मी ओट्यावर गायला बसले की तुम्ही क्रोशाची सुई घेऊन समोरच्या खुर्चीत यायच्या. नजर सुईवर, हात चालू, जणू गाण्याशी तुमचा काही संबंधच नाही. आणि समेवर मात्र तुमची मान वर यायची. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाणारा-वाजवणारा सगळे जिथे एकत्र येऊन पोचतात ती जागा. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी कितीही लांबून फिरून येऊ दे, समेवर आले की तुमचे डोळे माझ्यावर असायचे. एकदा चुकले तेव्हा तुमची मान वर आली आणि मी अजून वाटेतच होते. "कुटं ऱ्हायलीस?" असं डोळ्यांनीच विचारलंत. त्याहून कडक परीक्षक मला नंतर कुठे भेटला नाही. वाहवा, क्या बात वगैरे तुमच्या तोंडून कधीच आलं नाही. फक्त ती मान.

चौकोनांची सुरुवात चुकीतून झाली. तुम्ही ताटावरचा रुमाल विणत होतात, मी हातानं ताल धरून गात होते, आणि तुमचं मोजणं माझ्या टाळ्यांत अडकलं. "तुज्या गान्यानं माजा टाका चुकला," म्हणून तुम्ही तो रुमाल माझ्या अंगावर फेकलात. मी बघितलं तर काठावर चार-चारचे गट पडलेले, आणि मधेच एक खिडकी. मी त्यावर बोट फिरवत ठेका म्हटला. तुम्ही उसवायला मागितलात, मी दिला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच विचारलंत, "ते कालचं गानं पुन्ना म्हन बरं. नीट करते."

मग तुम्ही त्याचं शास्त्रच केलंत. आतल्या फेऱ्यांत रागाचे रंग आणि काठाच्या फेरीत ताल. एका मात्रेला एक खांब, म्हणजे एक उभा टाका. प्रत्येक बाजूला एक आवर्तन. जिथे टाळी न देता हात रिकामा बाजूला न्यायचा, ज्याला आम्ही खाली म्हणतो, तिथे खांब घालायचा नाही, नुसती साखळी घालून पुढे जायचं. तिथे खिडकी दिसते. सम मात्र कोपऱ्यावर. चौकोन वळायला कोपऱ्यात एकाच घरात तीन खांब घालावेच लागतात, त्यामुळे सम आपोआप ठसठशीत व्हायची. तीनताल तुमचा लाडका. "शाना ताल हाय, कोपऱ्यावर बरूबर भेटतो," असं म्हणायच्या.

आणि रंगांवरून आपली रोजची वादावादी. यमन मला निळा दिसायचा, तुम्हाला तुपाचा. "दिवा लावल्यावरचं गानं निळं कसं असंल?" भूपाला तुम्ही भाताच्या रोपांचा हिरवा घेतलात, तिथे मी गप्प बसले. मारवा तुम्हाला अजिबात आवडायचा नाही. "हे ऐकून घशाशी येतं गं," म्हणालात आणि वांगी रंगाच्या दोऱ्यात तो चौकोन विणलात, तोही घट्ट. मी मोबाइलवर तबला लावायला लागले तेव्हा तुम्ही त्याचं नाव माझा नोकर ठेवलंत. "लय गुनाचा हाय, च्या बी मागत न्हाई."

मला शिकवायचा प्रयत्न तुम्ही केलात. साखळीच्या पुढे माझी मजल गेली नाही. हात हात लांब साखळ्या घालायचे आणि त्या दोरखंडासारख्या कडक. "लय आवळतीस. दोरा काय पळून चाललाय का?" शेवटी माझी एक साखळी तुम्ही दुधाच्या किटलीचं झाकण बांधायला घेतलीत. ती अजून तिथेच आहे. काल दूध तापवायला घेतलं तर सोडवता येईना, आणि मी किटली पोटाशी धरून रडत उभी राहिले. वरून गॅस चालू.

या वर्षी तुमच्या मनानं घेतलं की चौकोन आता जोडायचे, आणि त्यांचं माझ्या पेटीवर झाकण करायचं. लाडवाच्या डब्यातून सगळे काढून पलंगावर मांडलेत, चांगले निवडलेत, आणि म्हणालात, एक कमी पडतोय. मी म्हटलं, रूपक राहिला आहे ना.

अक्का, ते भांडण अर्धंच राहिलं. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. त्याची गंमत अशी की त्याची समच खाली असते. पहिल्याच मात्रेला टाळी नाही, हात रिकामा. तुम्हाला ते पटेनाच.

"सम हाय म्हनतीस आन् हात रिकामा?"

"हो. रूपक तसाच असतो."

"मग कोपऱ्यावर खांब घालायचा न्हाई?"

"नाही."

"आगं, कोपऱ्यालाच खांब न्हाई तर ते वळंल कसं? त्याची वाटी व्हईल वाटी."

"नुसत्या साखळ्या घाला जास्त. वळेल."

"साखळीवर कोपरा धरत न्हाई. ढिला पडतो. तू मला विनायला नगं शिकवू."

"मग तुम्ही मला ताल शिकवू नका."

तुम्ही सुई खाली ठेवलीत. "घराच्या कोपऱ्यात कुनी भोक ठिवतं का? तुज्या तालात कायतरी चुकलंय," म्हणालात आणि आत गेलात. त्या संध्याकाळी चहा मनीषाच्या बाबांच्या हाती बाहेर पाठवलात. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखं बोललो, पण रूपकाचं नाव दोघींनी काढलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाठ करून काहीतरी विणत होतात. मला वाटलं, हट्टानं तीनतालच घेतला असेल पुन्हा. बघायला गेले की पदराखाली झाकायच्या.

पुढचं मला लिहायचं नाही. छातीत दुखतंय म्हणालात, तळेगावला नेलं, आणि येताना तुम्ही नव्हतात. तुमच्या पिशवीत माझ्या हाताला सुई टोचली. तिलाच तो चौकोन होता, मोकळ्या फंदात, म्हणजे दोऱ्याच्या शेवटच्या सुट्या फासात, सेफ्टी पिन अडकवलेली. मी बघितला नाही. घडी करून डब्यात टाकला.

भावकीत ठरलं की वर्षभर या घरात गाणंबजावणं नाही. मी मान हलवली. मला तरी कुठे गायचं होतं? मनीषा देहूरोडहून येऊन राहिली होती. तिचे हात स्वस्थ बसेनात, म्हणून आल्यागेल्याचं चहापाणी झालं की ती चौकोन जोडत बसायची. ती मोबाइलवर बघून शिकली, पण टाका तुमच्यापेक्षा सारखा. हे मी तुमच्यासमोर बोलले नसते.

काल जेवणं झाल्यावर मी पडले होते. ती डबा घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली.

"काकू, हा बघा. हा एकच राहिला. पण आईनं चुकवलाय हो. कोपऱ्यांत खांबच नाहीत, नुसती भोकं. तिला दिसत नसेल नीट शेवटी." तिचे डोळे भरून आले होते. "तेवढी फेरी उसवते आणि नीट करून लावते. आईच्या झाकणात चूक कशाला?"

पिन तिनं काढलेली होती. बोलता बोलताच तिनं दोरा ओढला. क्रोशाचं तुम्हाला माहीत आहे, एक दोरा ओढला की सरसर सगळं जातं. मी चौकोनाकडे बघितलं. पांढऱ्याला किंचित हिरवा, गिरणीतून आलेल्या नव्या तांदळासारखा रंग. कोपऱ्यात मोठी मोकळी खिडकी. दुसऱ्या कोपऱ्यातही. मग मला कळलं आणि मी ती आरोळी ठोकली.

मनीषा घाबरून जागच्या जागी थिजली. दोरा बोटांत तसाच. मी चौकोन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावला.

"ही चूक नाही गं. हा रूपक आहे."

"म्हणजे?"

आता हे तिला सांगून कसं कळणार? म्हणून दाखवायला हवं. माझ्या तोंडात ठेका आला आणि तिथेच अडकला. बाहेर ओट्यावर मनीषाचे बाबा, आमचे भाऊजी, बसले होते. तुम्ही गेल्यापासून ते तिथेच बसतात, तुमच्या खुर्चीशेजारच्या बाकावर, कुणाशी बोलत नाहीत, समोर ठेवलं तर जेवतात. माझी आरोळी ऐकून ते दारात आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. वर्षभर नाही म्हणून मीच मान हलवली होती.

भाऊजी म्हणाले, "म्हन. ती समोर बसायची तसं म्हन."

मग मी म्हटलं. आवाज फुटका लागला, लागू दे. कोपऱ्यावर बोट ठेवलं, तीं, तिथे काहीच नाही, नुसती खिडकी, आणि हात बाजूला नेला. पुढच्या खांबांवर बोट सरकत गेलं. तीं, ना. धी, ना. धी, ना. एक बाजू झाली, पुन्हा कोपरा, पुन्हा हात रिकामा. मनीषा माझ्या बोटामागून स्वतःचं बोट फिरवायला लागली. दुसऱ्या बाजूला ती हळूच मोजायला लागली. तिसऱ्या बाजूला तिनं ओठांवर पदर धरला.

तुम्ही ऐकलंत माझं, अक्का. पाठ करून बसलात, पदराखाली झाकलंत, आणि माझं ऐकलंत. हट्टी बाई. एका शब्दानं बोलला नाहीत. विणून पूर्ण केल्यावर माझ्या अंगावर फेकणार होतात, मला माहीत आहे. "घे तुजं भोक," म्हणणार होतात. मी ती घटका डोळ्यांसमोर आणते आणि ती संपतच नाही. तुम्ही खुर्चीत, मी पेटीशी, आणि चौकोन हवेतून येतोय.

तिसरी बाजू बोटानं संपवली तर पुढे कोपराच नव्हता. शेवटचा खांब, त्यात मोकळा फंद, आणि लोंबणारा दोरा. मनीषा रडायलाच लागली. "मीच ओढला. होता तिथे कोपरा, काकू. आईनं घातला होता. मी ओढला." मी तिला जवळ घेतलं. तुम्ही फेरी पूर्ण केली होतीत. फक्त दोरा कापला नव्हतात, मला दाखवायचं राहिलं होतं म्हणून असेल. आता विचारायचं कुणाला?

मनीषानं डोळे पुसले, सुई हातात घेतली, आणि मग माझ्यापुढे धरली.

"नुसती साखळी आहे काकू. तुम्ही घाला."

"मी आवळते."

"आवळू दे."

सुटलेला दोरा बघितला तर तो सरळ झालाच नव्हता. एकदा विणलेला दोरा उसवला तरी त्याच्या वळ्या राहतात, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतंत, जुना स्वेटर उसवताना. तीन वळ्या होत्या. तुमच्या हाताच्या तीन साखळ्या, तुमच्या मापाच्या, मोकळ्या. मला मोजावं लागलं नाही आणि ताणावंही लागलं नाही. वळी जिथे वाकली होती तिथेच दोरा वाकवला, सुईनं ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझी साखळी ढिली पडली.

तुम्हाला खरं सांगते, कोपरा थोडा लोंबतो आहे. चारही लोंबतात. वाटी झाली नाही, चौकोन वळला, पण ढिला आहे. म्हणजे तुमचंही बरोबर होतं. हे मी समोर कबूल केलं असतं की नाही, सांगता येत नाही. बहुतेक अजून दोन दिवस भांडले असते, आणि तुम्ही चहा बाहेर पाठवला असतात. मला ते दोन दिवस हवे आहेत हो. बाकी काही नको.

संध्याकाळपर्यंत मनीषानं चौकोन जोडला. झाकण पेटीवर अंथरलं, तांदळाच्या पोत्यांशेजारी, तुम्ही पुसून दिलेल्या जागी. मग भाऊजींनीच ते पुन्हा बाजूला केलं आणि पेटी ओट्यावर आणून ठेवली. भावकीला काय सांगायचं ते आपण बघतो म्हणाले. मनीषा आत गेली आणि मला भाकरी थापल्याचा आवाज आला. मी गेले नाही मदतीला.

मोबाइलवरचा नोकर लावला नाही. हातानंच ताल धरला, रूपक. आवाज आधी नीट लागेना, मग लागला. दोन आवर्तनं सरळ म्हटली, तिसऱ्याला जरा लांब फिरून गेले, सहावी, सातवी मात्रा करत परत आले. समेवर हात रिकामा बाजूला गेला, आणि मी सवयीनं वर बघितलं, अक्का, तुमची मान वर आली का ते.